बायबलविषयीच्या प्रश्नांना उत्तर देताना: शब्बाथ शाळेच्या आणि अभ्यासगटाच्या नव्या शिक्षकांसाठी

शब्बाथ शाळेचा (म्हणजे संडे स्कूलचा) वर्ग, तरुण संघ किंवा घरोघरी होणारा बायबल अभ्यास यांपैकी एखाद्याची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंदूरमध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आहेत. घरात मराठी बायबल असते, रविवारची उपासना बहुतेक ठिकाणी हिंदीत होते, आणि शेजारी, कॉलेजातील मित्र किंवा कचेरीतील सहकारी यांना ख्रिस्ती धर्माविषयी काही विचारायचे झाले की ते आपल्याच दारी येतात. उत्तर देणारा धर्मशास्त्राचा पदवीधर असायलाच हवा असे नाही. मात्र वचनात काय लिहिले आहे, त्यावरून निरनिराळ्या मंडळ्या काय शिकवतात आणि आपले स्वतःचे मत काय आहे, या तीन गोष्टी त्याने एकमेकींत मिसळू देऊ नयेत. अभ्यासगटात होणारे बहुतेक वाद या सरमिसळीतूनच निघतात.

आधी प्रश्न समजून घ्यावा

एकच प्रश्न तीन माणसे तीन कारणांसाठी विचारतात. ‘देव असे का होऊ देतो?’ हे तत्त्वज्ञान शिकणारी विद्यार्थिनी विचारते, वाद घालायला आलेला शेजारी विचारतो आणि एम.वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डबाहेर रात्रभर बसलेला मुलगाही विचारतो. पहिलीला ग्रंथाधार हवा असतो, दुसऱ्याला आपले म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेतले जायला हवे असते, आणि तिसऱ्याला त्या क्षणी उत्तर हवे असतेच असे नाही. म्हणून ‘हा प्रश्न तुमच्या मनात कशावरून आला?’ असे एकदा विचारावे. पुष्कळदा मूळ प्रश्न निराळाच निघतो: त्र्यैक्याविषयी विचारणाऱ्याला खरे तर हे हवे असते, की आपल्या मुलीने ख्रिस्ती मुलाशी लग्न केले तर घरातले देव काढावे लागतील काय.

संदर्भ हातात घ्यावा

प्रश्नात बायबलमधील एखादे वचन आले असेल तर ते आठवणीतून न सांगता उघडून वाचावे. येथे इंदूरकरांची एक खास अडचण आहे. प्रवचनात ‘भजन संहिता’, ‘व्यवस्थाविवरण’, ‘न्यायियों’, ‘प्रेरितों के काम’ आणि ‘प्रकाशितवाक्य’ ऐकलेले असते. मराठी बायबलमध्ये तीच पुस्तके अनुक्रमे ‘स्तोत्रसंहिता’, ‘अनुवाद’, ‘शास्ते’, ‘प्रेषितांची कृत्ये’ आणि ‘प्रकटीकरण’ या नावांनी आहेत. वर्ग सुरू होण्याआधी दोन्ही भाषांतील अनुक्रमणिका एका कागदावर समोरासमोर लिहून बायबलमध्ये ठेवली तर पाने चाळण्यात वेळ जात नाही.

पुस्तकांच्या संख्येवरूनही गोंधळ होतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्या करारात २७. कॅथलिक बायबलमध्ये ७३ आहेत, कारण त्यांच्या जुन्या करारात ४६ पुस्तके मानली जातात. नवा करार दोघांचा सारखाच आहे. या अनुषंगाने एक ऐकीव गोष्ट नेहमी पुढे येते, की बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची हे सम्राट कॉन्स्टंटाइनने नाइसियाच्या परिषदेत मतदान घेऊन ठरवले. इ.स. ३२५ सालची ती परिषद मुख्यतः ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी होती. नव्या कराराची नेमकी २७ पुस्तके असलेली पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात आढळते, आणि त्यातली बहुतेक पुस्तके त्याच्याही कितीतरी आधीपासून मंडळ्यांत वाचली जात होती.

‘माझ्या बायबलमध्ये ही ओवीच नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आला तर घाबरू नये. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन याने केली आणि नव्या करारातील ओव्यांचे क्रमांक १५५१ साली पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तिएन याने घातले. पुढे जुनी हस्तलिखिते उजेडात आली तेव्हा काही ओव्या त्यांत नाहीत असे दिसून आले. म्हणून प्रेषितांची कृत्ये ८:३७ ही ओवी काही आवृत्त्यांत कंसात असते, तर काहींत तळटीपेत जाते आणि क्रमांक ३६ वरून थेट ३८ वर येतो. मार्क १६:९ ते २० हा भाग आणि व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची योहानातील हकीगत (७:५३ ते ८:११) यांचीही हीच स्थिती आहे. ही माहिती पाने दाखवून द्यावी; ती लपवली आणि नंतर त्या मुलाने मोबाइलवर कुठेतरी वाचली, तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो.

मागचेपुढचे वाचावे

नव्या शिक्षकाने एवढी एक सवय लावून घेतली तरी निम्मे प्रश्न आपोआप सुटतात: विचारलेल्या ओवीच्या आधीच्या आणि नंतरच्या किमान दहा ओव्या मोठ्याने वाचणे, आणि बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता हे विचारणे.

भंवरकुआँच्या परिसरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती मुलाच्या टेबलासमोर वेळापत्रकाच्या वर चिकटवलेले वचन बहुधा फिलिप्पैकरांस पत्र ४:१३ असते: मला जो सामर्थ्य देतो त्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो. परीक्षेत नापास झाल्यावर तोच मुलगा विचारतो, की मग हे वचन खोटे ठरले काय? अशा वेळी त्याच्याबरोबर ११ आणि १२ या ओव्या वाचाव्यात. हे पत्र पौलाने कैदेत असताना लिहिले आहे, आणि तेथे तो सांगतो की भरल्या पोटी राहायला आणि उपाशी राहायला, समृद्धीत आणि टंचाईत, दोन्ही प्रसंगी समाधानाने राहायला मी शिकलो आहे. ‘सर्व काही’ या शब्दांचा रोख या अवस्था सोसण्याकडे आहे. निकालाच्या हमीकडे नाही. नापास झालेल्या मुलाला हे वचन उत्तीर्ण झालेल्यापेक्षा अधिक लागू पडते, असे माझे मत आहे, आणि ते मत म्हणूनच त्याच्यापुढे ठेवावे.

ख्रिस्ती दिनदर्शिकांवर हमखास छापले जाणारे यिर्मया २९:११ हेही तसेच. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे आश्वासन बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या यहूद्यांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या लगेच आधीची ओवी सांगते की हे सारे ७० वर्षांनंतर घडेल. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते दिवस पाहायला मिळणार नव्हते. त्याच पत्रात त्यांना घरे बांधायला, बागा लावायला आणि ज्या नगरात आणून ठेवले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगितले आहे. तो भाग मात्र दिनदर्शिकांवर छापला जात नाही.

‘डोळ्याबद्दल डोळा’ हा आक्षेपही याच रीतीने हाताळावा. निर्गम २१:२४ मधील तो नियम न्यायनिवाड्याचा आहे आणि त्याचा परिणाम सूड मर्यादित ठेवण्याकडे होतो: एका दातासाठी अख्खे कुटुंब मारता येणार नाही. मत्तय ५:३८-३९ मध्ये येशू त्याचाच उल्लेख करून त्यापलीकडे जातो.

एकमत कुठे आहे आणि मतभेद कुठे आहेत

त्र्यैक्याच्या बाबतीत कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकमताने बोलतात, म्हणून तेथे ‘माझ्या मते’ असे म्हणण्याचे कारण नाही. देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती त्या एका देवत्वात आहेत. पिता म्हणजे पुत्र नव्हे आणि पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. ‘त्र्यैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही हे आपणहून सांगावे आणि मत्तय २८:१९ व २ करिंथकरांस १३:१४ ही वचने काढून दाखवावीत. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे हे नाइसियात, पुत्र निर्माण केलेला आहे या आरियसच्या मताविरुद्ध, ठरले आणि पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जातो, एवढा इतिहास पुरे.

यानंतर हमखास पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला दिला जातो. तो देऊ नये. तेच पाणी कधी बर्फ होते तर कधी वाफ होते. त्यावरून एकच देव कधी पिता तर कधी पुत्र अशी रूपे घेतो, असा अर्थ निघतो, आणि तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाशी जोडले गेलेले हेच मत मंडळीने नाकारले होते. मार्क १:९-११ मध्ये येशू यार्देनेच्या पाण्यातून वर येत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि आकाशातून वाणी होत आहे. तिन्ही एकाच वेळी आहेत. ब्रह्मा-विष्णू-महेश यांच्याशी तुलना शेजारी सद्भावनेनेच करतात. त्यांना ‘तुमचे चुकते’ असे न म्हणता एवढेच सांगावे, की आमच्याकडे उत्पत्ती, पालन आणि संहार अशी कामांची वाटणी नाही. निर्मितीत आणि तारणात तिन्ही व्यक्ती सहभागी आहेत असे आम्ही मानतो.

‘मी आणि पिता एक आहोत’ (योहान १०:३०) आणि ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८) ही वचने समोरासमोर ठेवून कोणी कोंडीत पकडू पाहिले, तर दोन्ही एकाच शुभवर्तमानात आहेत याकडे लक्ष वेधावे. दुसरे वचन मनुष्य झालेल्या पुत्राच्या नम्र अवस्थेविषयी किंवा पुत्र पित्यापासून आहे या नात्याविषयी आहे, अशी दोन स्पष्टीकरणे जुन्या काळापासून दिली जातात.

मरिया आणि संत यांच्या बाबतीत मात्र मंडळ्यांत खरा मतभेद आहे, आणि तो दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा शब्दांत मांडता आला पाहिजे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे आराधना केवळ देवाची करायची असते. संतांचा सन्मान केला जातो आणि त्यांना आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करण्याची विनंती केली जाते. प्रॉटेस्टंट १ तीमथ्य २:५ चा आधार घेऊन म्हणतात की मध्यस्थ एकच आहे, म्हणून मृतांकडे विनंती करू नये. इंदूरमध्ये हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. देवास जिल्ह्यातील उदयनगर भागात भूमिहीन मजुरांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी याच शहरात त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले. ही संतपदाच्या आधीची पायरी आहे. प्रॉटेस्टंट शिक्षकानेही त्यांच्याविषयी आदराने बोलावे. त्यांचे स्मरण करणे आणि त्यांच्याकडे विनंती करणे यांतला फरक मुलांना सहज समजतो.

प्रभुभोजनाविषयी थोडक्यात: भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात असे कॅथलिक मानतात, तर प्रॉटेस्टंटांत आत्मिक उपस्थितीपासून केवळ स्मरणापर्यंत मते आहेत. आपला कोणी पाहुणा शहरातील कॅथलिक रेड चर्चमध्ये मिस्साला (प्रभुभोजनाच्या उपासनेला) गेला तर त्याने साक्रामेंत, म्हणजे ती भाकर, घेण्यासाठी रांगेत न जाता जागेवर बसून राहावे, हे आधीच सांगून ठेवावे म्हणजे अवघडल्यासारखे होत नाही.

विश्वासाने तारण की कर्मांनी, हा वाद रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ यांच्यावरून होतो. गंमत म्हणजे दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात. पौल उत्पत्ती १५ मधील विश्वास ठेवण्याच्या क्षणाकडे बोट दाखवतो, तर याकोब उत्पत्ती २२ मधील इसहाकाच्या अर्पणाच्या प्रसंगाकडे. या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात पश्चिमेकडील मंडळी दुभंगली, परंतु ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे एक संयुक्त घोषणापत्र स्वीकारले, ज्यात कृपेने व विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो आणि सत्कर्मे त्यातून निपजतात, या मूलभूत बाबींवर सहमती नोंदवली आहे. जुन्या भांडणाची उजळणी करणाऱ्यांना हे बहुधा माहीत नसते.

प्रसादाचा प्रश्न

गणेशोत्सवात शब्बाथ शाळेतली मुलगी विचारते, ‘टीचर, शेजारच्या काकूंनी मोदक दिले तर खायचे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा शिक्षक एकतर त्या घराचा शेजार बिघडवतो किंवा त्या मुलीच्या आईवडिलांचा निर्णय मोडतो. १ करिंथकरांस ८ आणि १० हे दोन अध्याय नेमके याच अडचणीवर आहेत, म्हणून ते सावकाश वाचावेत.

करिंथात देवळात अर्पण केलेले मांस पुढे बाजारात येत असे. पौल तीन प्रसंग वेगळे करतो. देवळातील अर्पणाच्या पंक्तीत सहभागी होण्याला तो स्पष्ट नकार देतो (१०:२०-२१). बाजारात मिळणारे आणि कोणी घरी बोलावून वाढलेले, काही विचारपूस न करता खावे, असे म्हणतो (१०:२५-२७). मात्र ‘हे अर्पण केलेले आहे’ असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकाखातर खाऊ नये (१०:२८). त्याआधी आठव्या अध्यायात तो ज्ञानाच्या जोरावर बेधडक खाणाऱ्यांनाही बजावतो, की तुमच्या मोकळिकीमुळे दुर्बल भावाला ठेच लागता कामा नये.

आजच्या मोदकाला यांतला कोणता प्रसंग लागू करायचा, यावर ख्रिस्ती कुटुंबांत एकमत नाही. काही घरे आरतीनंतर वाटलेला प्रसाद नम्रपणे नाकारतात, पण त्याच काकूंनी डब्यातून पाठवलेला फराळ आनंदाने घेतात. काही घरे दोन्ही घेतात आणि मनात देवाचे आभार मानतात. काही दोन्ही टाळतात. शिक्षकाने मुलीला वचन दाखवावे, आईवडिलांना विचारायला सांगावे आणि रोमकरांस १४:३ वाचून दाखवावे, जेथे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये असे दोघांनाही सांगितले आहे. नाकारायचेच असेल तर ते कसे, हेही शिकवावे: ‘काकू, आमच्याकडे प्रसाद घेत नाहीत, पण तुमच्या हातची पुरणपोळी मात्र मी खाणार’ एवढ्याने काम होते. तोंड फिरवून निघून जाणे हे कोणत्याही वचनात बसत नाही.

विसंगती आणि ऐकीव कथा

मत्तय २७:५ प्रमाणे यहूदाने गळफास घेतला. प्रेषितांची कृत्ये १:१८ प्रमाणे तो पालथा पडून त्याचे पोट फुटले. येशूला धरून दिल्याच्या पैशाने शेत कोणी घेतले याचेही वर्णन दोन ठिकाणी वेगळे आहे. फास तुटून प्रेत खाली पडले, असा मेळ जुने भाष्यकार घालतात; आजचे पुष्कळ अभ्यासक या दोन स्वतंत्र परंपरा मानतात, ज्या त्याच्या अपमृत्यूवर आणि ‘रक्ताचे शेत’ या नावावर जुळतात. दोन्ही उत्तरे सांगावीत. तिसरे उत्तर स्वतः रचू नये.

बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी) लोक तीन होते असे मत्तय २ मध्ये नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तीन आहेत. ते राजे होते असेही तेथे नाही. २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही. त्या दिवशीच्या सणाची जुनी नोंद रोममध्ये ३३६ सालची मिळते.

‘येशू तरुणपणी भारतात येऊन शिकला होता ना?’ हा प्रश्न कॉलेजातील वर्गमित्रांकडून येतोच. लूक २ मध्ये तो बारा वर्षांचा आहे आणि ३:२३ मध्ये सुमारे तीस वर्षांचा. मधला काळ शुभवर्तमाने सांगत नाहीत, फक्त तो नासरेथास परतला एवढे सांगतात. ही पोकळी भरणारी कथा निकोलस नोतोविच या रशियन प्रवाशाने १८९४ साली प्रसिद्ध केली. लडाखच्या हेमिस मठात आपण तसे हस्तलिखित ऐकले, असा त्याचा दावा होता. आग्र्याच्या सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक डग्लस १८९५ साली तेथे गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असे काही घडल्याचे साफ नाकारले. शिवाय मार्क ६:३ मध्ये नासरेथचे लोक ‘हा तो सुतारच ना’ असे म्हणतात. वर्षानुवर्षे परदेशी राहून आलेल्या माणसाविषयी गाव असे बोलत नाही.

दुःखाच्या वेळी

शेजाऱ्यांच्या तोंडी ‘मागच्या जन्मीचे भोग’ आणि काही ख्रिस्ती माणसांच्या तोंडी ‘काहीतरी पाप असेल’, या दोन्हींना योहान ९:१-३ हे सर्वांत सरळ उत्तर आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या १८ जणांविषयीही तो म्हणतो, की ते यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक दोषी नव्हते. ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या पापाचा शोध लावला, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. त्याच मित्रांनी आरंभी मात्र एक योग्य गोष्ट केली होती: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले (२:१३). मृत्यूच्या घरी गेलेल्या नव्या शिक्षकाने बायबल पिशवीत ठेवावे, पाणी भरून आणावे, आलेल्यांना चहा द्यावा आणि घरच्यांनी मागितले तरच स्तोत्र वाचावे. सिद्धांताची चर्चा काही आठवड्यांनी, तेही त्यांनी विषय काढला तर.

आपले काम कुठे संपते

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न वहीत तारीख घालून लिहून ठेवावा आणि पुढच्या रविवारी पाळकांना किंवा फादरांना विचारून त्याचे उत्तर त्या माणसाला आठवणीने द्यावे. घटस्फोट, आत्महत्येचे विचार, घरातील मारहाण असे विषय प्रश्नाच्या आडून आले, तर वचन शोधत न बसता त्याच दिवशी जाणत्या माणसापर्यंत पोहोचवावेत.

इतर धर्माच्या कोणी बाप्तिस्म्याविषयी विचारले तर स्वतः होकार किंवा नकार न देता पाळकांकडे न्यावे. मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ प्रमाणे बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन यांनी धर्मांतर करणे गुन्हा आहे, आणि प्रलोभनात भेटवस्तू, पैसे, नोकरी, शाळेतील प्रवेश अशा गोष्टी येतात. म्हणून प्रश्नोत्तरांच्या बैठकीला कोणत्याही मदतीची किंवा वाटपाची जोड देऊ नये आणि इतर धर्मीय अल्पवयीन मुलांना पालकांच्या माहितीशिवाय बसवू नये. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने आणि विधी करणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची तरतूदही त्यात आहे. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तेव्हा सध्याची स्थिती मंडळीच्या वकिलाकडून समजून घ्यावी. बाप्तिस्म्यापूर्वीचे शिक्षण किती आणि कसे द्यायचे हे प्रत्येक मंडळी ठरवते. कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रौढांची तयारी बरेच महिने चालते आणि बाप्तिस्मा साधारणपणे पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्रीच्या विधीत दिला जातो, त्यामुळे घाईने येणाऱ्यालाही विचार करायला अवधी मिळतो.